आमसूल चोळलंय का?

नाटेकर सिस्टर वारल्या तेव्हा हॉस्पिटलच्या हॉलमध्ये शोकसभा झाली आणि बोलायला उठलेल्या प्रत्येकाने त्यांना 'प्रेमळ' म्हटलं. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात दात-ओठ खात होतो. सत्तावीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत बसतो आहे. त्यातली एकोणीस वर्षं सिस्टर मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज होत्या, म्हणजे रोज निदान दोनदा आमचा खटका उडायचा. त्या प्रेमळ नव्हत्या. त्या संशयी होत्या, खडूस होत्या, आणि औषध या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आयुष्यभर औषधं देण्याचं काम केलेल्या बाईबद्दल हे सांगणं विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, म्हणून मी तिथे बोललो नाही. इथे लिहितो.

उंचीने बेताच्या, अंगाने काटक. पांढऱ्या मोज्यांवर काळ्या सँडल. खिशावर उलटं लावलेलं घड्याळ. रत्नागिरीत आतापर्यंत नर्सेसचे गणवेश तीन वेळा बदलले, पण सिस्टरांचं घड्याळ खिशावरून मनगटावर आलं नाही. डब्यात भाकरी आणि कुळथाची पिठी, सोमवार सोडून एखादं सुकट. जेवण सात मिनिटांत. मला त्या कधी नावाने हाक मारत नसत. "अहो खिडकीवाले," म्हणायच्या, आणि पुढे नेहमी काहीतरी तक्रार असायची. या बाटलीचा रंग मागच्या वेळी असा नव्हता, या गोळीचा आकार बदललाय, कंपनी बदललीत का, बदललीत तर सांगितलं का नाही?

वॉर्डमध्ये नवा पेशंट आला की आधी त्याची पिशवी कॉटवर रिकामी करायची, असा त्यांचा नियम होता. आपल्याकडे प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते. मुंबईच्या मुलाने गणपतीला येताना आणलेल्या स्ट्रिपा, शेजारणीला गुण आला म्हणून तिच्याकडून आणलेल्या चार गोळ्या, कुठल्याशा वैद्याची पुडी, पावसाळ्यात दमट होतात म्हणून स्ट्रिपेतून काढून एकाच डबीत भरलेल्या पाच रंगांच्या गोळ्या. सिस्टर एकेक गोळी बोटाने बाजूला सारत विचारायच्या, "ही कधीपासून? ही कोणी दिली? ही घेतल्यावर काय झालं?" पेशंटची तब्येत अचानक फिरली की डॉक्टर रिपोर्ट मागवायचे आणि सिस्टर दोनच शब्द विचारायच्या. "नवीन काय?" म्हणजे काल नव्हतं आणि आज चालू झालं असं काय. शिकाऊ डॉक्टर त्यांच्या पाठीमागे त्यांना 'नवीनकाय सिस्टर'च म्हणत.

कुठल्याही औषधाचा पहिला डोस त्या स्वतः द्यायच्या आणि कॉटपाशी उभ्या राहायच्या. चादर नीट कर, उशी झटक, असं काहीतरी करत अर्धा तास काढायचा, पण डोळा पेशंटवर. "पहिला डोस म्हणजे पहिलटकरीण," त्या म्हणायच्या. "सगळं नीट होणारच असं धरून चालायचं नाही."

एकदा लांज्याकडची एक बाई आली, पन्नाशीची, शेतकरी घरातली. आठ महिने कोरडा खोकला. एक्स-रे झाले, थुंकी तपासून झाली, टीबी नाही. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला होता आणि कौलात भाऊबंदांपैकी कोणीतरी करणी केलीय असं निघालं होतं. मग काय, चुलत दिराशी बोलणं बंद. सात पिढ्यांचा एकत्र गणपती होता, तो त्या वर्षी वेगळा झाला. बाई खोकत खोकत हे सगळं सांगत होती आणि सिस्टर पिशवी पसरून बसल्या होत्या.

"ही कधीपासून?"

"ती होय, ब्लडप्रेशरची. मुंबयला झीलाकडे, पोराकडे गेलेली तेव्हा चालू केलानी."

"आणि खोकला?"

बाईने बोटं मोजली. थांबली. पुन्हा मोजली.

डॉक्टरांनी गोळी बदलली. तिसऱ्या आठवड्यात बाई दाखवायला आली ती न खोकता. सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. "खोकला गोळीने दिलान, तुझ्या दिराने नाही. आता त्यांच्याकडे जा, चहा पी आणि माफी माग."

बाई खाली बघत म्हणाली, "गणपती वेगळा झालाय ओ बाय. तो आता एकत्र कसा यायचा?"

तो पुढेही वेगळाच राहिला. ती बाई दर सहा महिन्यांनी माझ्या खिडकीशी गोळ्या न्यायला येते, म्हणून मला माहीत. मला ही गोष्ट गंमतीची वाटायची आणि मी ती चहा पिताना चारचौघांत सांगायचो. सिस्टर मात्र कधी हसल्या नाहीत. "औषधाचा परिणाम अंगातून जातो," म्हणाल्या, "घरातून जात नाही."

जयगडकडच्या एका पोराची गोष्ट मी चहाबरोबर सांगत नाही. चोवीस वर्षांचा, मच्छीमार बोटीवर खलाशी. फिट आली म्हणून एका डॉक्टरने गोळी चालू केली होती. पंधरा दिवसांनी ताप, लाल डोळे, तोंड आलेलं, अशा अवस्थेत आमच्याकडे आला. व्हायरल म्हणून भरती केला आणि फिटची गोळी चालूच ठेवली, कारण ती त्याची आधीपासूनची. सिस्टर त्या वेळी भाचीच्या लग्नाला वेळणेश्वरला दोन दिवस गेल्या होत्या. परत आल्या, राउंडला त्याच्या कॉटपाशी थांबल्या, टॉर्च मारून तोंड बघितलं आणि थेट फोनकडे गेल्या. गोळी बंद झाली. पण कातडी सुटायला लागली होती, भाजल्यासारखी. कोल्हापूरला पाठवला. तो जगला. डोळे गेले, पूर्ण नाही, पण जाळं विणताना हात फिरवून गाठ शोधावी लागते इतके. त्याची आई सिस्टरांच्या पाया पडायला आली तर सिस्टर पाय मागे घेऊन रागाने निघून गेल्या. बिचारीला कळेना आपलं काय चुकलं. त्यानंतर सिस्टरांनी लागून दोन दिवस रजा घेतल्याचं मला आठवत नाही.

औषधाने कुणाला काही झालं की भरायचा एक फॉर्म असतो. तो भरून वरती पाठवायचा, म्हणजे दुसरीकडे कुणाला तसंच झालं तर कळतं. आमच्या हॉस्पिटलमध्ये हे फॉर्म फक्त दोन माणसं भरायची, सिस्टर आणि, त्यांनी मानगुटीवर बसून भरायला लावलं म्हणून, मी. बाकीच्यांना त्याची भीती. फॉर्म म्हणजे कबुली, आणि कबुली म्हणजे नातेवाईक काचा फोडणार. भीती खोटी नव्हती. काचा फुटलेल्या मी पाहिल्या आहेत, माझ्याच खिडकीच्या.

आता वैशालीचं सांगतो.

पूर्णगडची, तिशीतली बाई. नवरा महेश बोटीवर नोकरीला, म्हणजे मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरी सासू आणि एक शाळकरी मुलगी. लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढला, थंडी वाजायला लागली, म्हणून सासू तिला घेऊन आली. आमचे पाटील डॉक्टर घाटावरचे, माणूस हुशार आणि कष्टाळू. त्यांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं. औषध मीच खिडकीतून दिलं. सिस्टरांनी पिशवी पसरली, पिशवीत तापाच्या गोळ्यांखेरीज काही नव्हतं. नेहमीप्रमाणे विचारलं, "औषधाची अॅलर्जी आहे का? कुठलं औषध कधी बाधलंय?"

"नाही," वैशाली म्हणाली.

हातावर टोचून टेस्ट केली. काही उठलं नाही. सकाळी अकराच्या सुमाराला सिस्टरांनी स्वतः इंजेक्शन दिलं, सावकाश, आणि चादर नीट करत उभ्या राहिल्या. चौथ्या-पाचव्या मिनिटाला वैशाली म्हणाली, "सिस्टर, तळव्यांना खाज येतेय." मग अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, ओठ सुजले. सिस्टरांनी तिथल्या तिथे जे द्यायचं ते इंजेक्शन मांडीत दिलं, सलाइन सोडलं, ऑक्सिजन लावला. पाटील डॉक्टर धावत आले, नळी घातली. पुस्तकात लिहिलेलं सगळं, लिहिलेल्या क्रमाने झालं. पाऊण तासाने वैशाली गेली.

सासू बाहेर बाकावर पेजेचा डबा घेऊन बसली होती. तिला सांगायला सिस्टर गेल्या. मी औषधांचा ट्रे परत न्यायला आलो होतो, म्हणून ऐकलं. म्हातारी आधी रडलीच नाही. आठवून आठवून बोलावं तसं म्हणाली, "तसंच झालेलं गो मागे. पोरीच्या वेळेला ताप आलेला, डॉक्टरनं सुई दिलान आणि घरी आल्यावर सगल्या अंगाला पित्त उठलं. मी आमसूल भिजवलं, चोळलं. रातीपर्यंत गेलं."

सिस्टर तिच्यासमोर उभ्या होत्या, त्या बाकाच्या कडेवर बसल्या.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ते पित्त आणि पित्तावर आमसुलाचं पाणी. कोण त्याला औषधाशी जोडतं? माझी आई चोळायची, मीसुद्धा माझ्या मुलीला चोळलंय आणि मी तर औषधशास्त्र शिकलेला माणूस. वैशाली खोटं बोलली नव्हती. तिला कुठलंही औषध बाधलं नव्हतं, तिला एकदा पित्त उठलं होतं.

दुपारी वरिष्ठांनी सिस्टरांना बोलावलं. आजार गंभीर होता, हृदय बंद पडलं, असं कागदावर राहू दे, असं सुचवलं गेलं. सुचवलं म्हणजे सुचवलंच, हुकूम कुणी केला नाही. सिस्टर तिथून थेट माझ्याकडे आल्या आणि फॉर्म मागितला. आणि मी, लाज वाटते पण सांगतो, मी म्हणालो, "सिस्टर, पुढच्या आठवड्यात भरू. वातावरण जरा निवळू दे."

त्यांनी खिडकीतून हात आत घालून स्वतःच फॉर्म घेतला. पूर्वी अशी प्रतिक्रिया आली होती का, या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'होती. नीट विचारली नाही.' आणि खाली सही.

महेशला बोटीवर कळलं ते दुसऱ्या दिवशी, पण बंदर येऊन घरी पोचायला त्याला नऊ दिवस लागले. आला तो आईवर उठला. आमसुलाची गोष्ट तोवर गावभर झाली होती. तू सांगितलं असतंस तर ती वाचली असती, एवढं एकच तो धरून बसला. आईच्या हातचं जेवेना. वाडीतले लोकसुद्धा म्हातारीकडे तसंच बघायला लागले. हे सगळं आमच्या वॉर्डातल्या एका आयाने सांगितलं, तिचं माहेर तिकडचं.

सिस्टरांनी रविवारची सुट्टी घेतली आणि मला म्हणाल्या, "अहो खिडकीवाले, औषध तुमच्या हातातून आलं. चला माझ्याबरोबर." मला जायचं नव्हतं. एसटीत बसल्यावरही मी त्यांना म्हणत होतो की हे वेडेपण आहे, तो मारेल. वाटेतलं पावस मागे पडलं तरी माझं तेच चालू होतं.

महेश पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर बसला होता. म्हातारी आत चुलीपाशी. सिस्टरांनी आपण कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला. मी दोन पावलं मागे सरलो, सिस्टर तिथेच राहिल्या.

"तुमच्या आईला कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावून विचारायचं काम माझं होतं. मी तुमच्या बायकोला विचारलं ते पुस्तकात लिहिलेलं. तिने त्याचं खरं उत्तर दिलं. मी इथलीच आहे, माझ्या घरात पण पित्तावर आमसूलच चोळतात. मला सुचायला हवं होतं. आईंची काही चूक नाही."

"म्हणजे तुम्ही मारलीत," महेश म्हणाला.

"इंजेक्शन मी दिलं."

"केस करीन."

"करा. मी कुठे पळून जाणार नाही."

हातातला तांब्या त्याने अंगणात भिरकावला आणि अंगणाच्या कडेच्या चिऱ्याच्या गडग्यावरून उडी मारून समुद्राच्या बाजूला निघून गेला. म्हातारी दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्ही परत निघालो.

केस झाली नाही. हॉस्पिटलने सिस्टरांना लेखी समज दिली. पेशंटच्या घरी जाऊन कबुली दिली, म्हणून. त्यांनी ती घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा प्रश्न बदलला. अॅलर्जी वगैरे शब्द गेले. "अंगावर कधी गांधी उठल्यात का? आमसूल चोळलंय का? त्याच्या आधी काय घेतलेलंत?" हे पेशंटला विचारायचं आणि त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं विचारायचं. शिकाऊ पोरं हसली. पहिल्याच आठवड्यात एक बाई आणि एक शाळामास्तर असे दोघे सापडले, तेव्हा हसणं थांबलं. पाटील डॉक्टरांनी तो प्रश्न केसपेपरवर छापून घेतला, मराठीत.

आणखी एक गोष्ट बदलली, ती कोणी बोलून दाखवली नाही. सिस्टर पहिला डोस स्वतः द्यायच्या थांबल्या. सिरिंज भरून द्यायच्या, धाकट्या नर्सला पुढे करायच्या आणि आपण नाडी धरून उभ्या राहायच्या.

दीड-दोन वर्षं गेली. सिस्टरांच्या निवृत्तीला महिना राहिला होता तेव्हा पूर्णगडची म्हातारी आमच्याकडे भरती झाली. डायबेटिस, पायाला खडकावरच्या कालवाची शिंप लागून जखम झालेली, ती चिघळून पाऊल काळं पडलेलं. महेशनेच आणली होती. म्हातारी कोणाला सुई लावू देईना. दोन नर्सेस झाल्या, पाटील डॉक्टर झाले, मुलाचे हात जोडून झाले. "माज्या सुनेला दिलात ते मला देऊ नको," एवढंच म्हणायची आणि हात पदरात घालून बसायची. ताप वाढत होता. मग तीच म्हणाली, "ती घरी आलेली बाय कुठाय? तिला बोलवा."

औषध घेऊन मीच वॉर्डमध्ये गेलो. ते त्याच जातीतलं इंजेक्शन होतं. दुसरं काही त्या पायाला चाललं नसतं. सिस्टरांनी आमसुलाचं विचारलं, महेशला बाहेर नेऊन पुन्हा विचारलं, टेस्ट केली, वेळ पाहिली. सिरिंज भरली आणि सवयीने धाकट्या नर्सकडे दिली.

"तिच्याकडे नको," म्हातारी म्हणाली. "वैशालीला कोणी दिलेलं?"

"मी."

"मग तूच दे."

सिस्टरांनी सिरिंज परत घेतली. मी कॉटच्या पायथ्याशी होतो. त्यांनी बाटलीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं, तोवर म्हातारी हात पुढे करून थांबली. मग त्यांनी इंजेक्शन दिलं, फार सावकाश, आणि स्टूल ओढून बसल्या.

पुढे तो पाय गुडघ्याखाली काढावाच लागला. म्हातारी कुबडीवर घरी गेली. सिस्टर निवृत्त झाल्या, आणि सहा महिन्यांत पोटात गाठ निघाली. शेवटचे काही आठवडे त्या मुंबईला भावाकडे होत्या, आम्हाला बातमीच आली. मी त्यांना नीट पाहिलं असं म्हणायचं तर ते त्या सकाळीच.

इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली. वीस झाली. म्हातारीने आपले तळवे उघडून बघितले, पदर सारून दंड बघितला, गळ्यावरून हात फिरवला. कुठे काही नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. इतका वेळ न रडलेली ती बाई रडायला लागली.

"मला काय नाय झालं गो," ती म्हणाली. "मी म्हातारी, पाय कुजलेला. मला काय नाय झालं. तिला कशाला झालं?"

प्रत्येक गोळीचा माग काढणाऱ्या सिस्टर स्टुलावरून पुढे वाकल्या. त्यांनी म्हातारीच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि म्हातारी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिली.